शेवटच्या दहा फुटांत अडलेलं आकाश

चंद्रावरून निघालेलं आकाश संगमनेरपर्यंत अगदी सुखरूप आलं होतं. घोडं पेंड खात होतं ते आजोबांच्या दिवाणखान्यात.

दुर्वा संगणकाच्या पडद्यासमोर मांडी घालून बसली होती. पडद्यावर एक लांबट चौकट होती आणि ती डावीकडून हळूहळू हिरवी होत चालली होती. हळूहळू म्हणजे किती? सकाळी सातला दूध पिऊन ती इथे बसली होती, आणि आता दुपारचा एक वाजत आला तरी जेमतेम पाव चौकट हिरवी झाली होती. संध्याकाळी सातला चंद्रावरचं माहितीचं कोठार पुसलं जाणार होतं. चौकट तोवर भरली नाही, तर उरलेलं आकाश गेलं ते कायमचं.

आता हे आकाश म्हणजे काय भानगड आहे ते आधी सांगायला हवं.

चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते. दुसरी बाजू कायम आपल्याकडे पाठ करून बसलेली असते. आपल्या पृथ्वीवर मोबाइल, रेडिओ, टीव्ही यांचा केवढा गोंगाट चाललेला असतो! तो चंद्राच्या त्या पाठीमागे पोचत नाही. तिथे इतकी शांतता असते, की विश्वाच्या बालपणी निघालेल्या अगदी क्षीण लहरीसुद्धा ऐकू येतात. म्हणून माणसांनी तिथे एक भलीमोठी रेडिओ दुर्बीण (प्रकाशाऐवजी अंतराळातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण) उभारली. तिच्या देखभालीला मोजकी माणसं तिथे राहतात, आणि त्यांतली एक होती दुर्वाची तृप्ती आजी.

दुर्बीण रोज इतकी माहिती गोळा करायची, की ती ठेवायला एक इमारत पुरली नसती. मग कुणाच्या तरी डोक्यातून नामी कल्पना निघाली. आकाशाचे हजारो तुकडे करायचे आणि एकेक तुकडा जगातल्या एकेका घराकडे सांभाळायला द्यायचा. तो सांभाळणारा म्हणजे आकाशपाल. दुर्वाला अकरावं लागलं त्या दिवशी ती आकाशपाल झाली. घरी एक माहितीपेटी (घरातल्या सगळ्या यंत्रांना मिळून वापरता येणारी साठवणीची पेटी, तिच्या आत गरगर फिरणाऱ्या चकत्यांवर माहिती उमटवली जाते) आली. त्या पेटीत येणाऱ्या तुकड्याची दुसरी प्रत पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नसणार होती.

आणि पहिल्याच वेळी तुकडा अर्धाच उतरला. कुठले तुकडे पोचले एवढंच दाखवणाऱ्या जगाच्या आकाश-नकाशात एक चौकोन काळा राहिला. तो दुर्वाचा चौकोन होता. तिच्या वर्गात कुणी तिला काही बोललं नाही, पण तिला स्वतःलाच इतकी लाज वाटली, की तिनं चार दिवस नकाशा उघडला नाही. आज दुसरी खेप होती. आजही चौकोन काळा राहिला, तर तुकडा दुसऱ्या घराकडे जाणार होता. नियमच होता तसा.

"अगं, तिकडेच काहीतरी अडलं असणार," स्वयंपाकघरातून मंदार आजोबा म्हणाले. आजोबा तबला शिकवायचे, आणि आजी चंद्रावर गेल्यापासून वरणभातही उत्तम करायचे. "चार लाख किलोमीटर म्हणजे काय खायचं काम आहे? वाटेत दमत असेल बिचारं."

दुर्वाला ते पटलं नाही. तिनं आजीला हाक लावली.

चंद्रावर बोलायचं म्हणजे धीर लागतो. हाक चंद्राभोवतीच्या उपग्रहामार्फत त्या पाठीमागे पोचते. रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगानं धावतात, त्याहून वेगानं जगात काहीच धावत नाही. तरी आपला प्रश्न जाऊन उत्तर परत यायला तीन सेकंद लागतात. दुर्वानं एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी शेवटी ती रडायलाच लागली.

एक. दोन. तीन.

"रडतेस की सांगतेस?" आजीचा आवाज आला. "सांग नीट. आणि आधी ऐक, इथून सगळं ठीक निघतंय. पृथ्वीवरच्या केंद्रातूनही पुढे जातंय. तुझ्याच घरात कुठेतरी अडतंय."

"आजी, तू थोडा वेळ पुसू नकोस ना! फक्त माझा तुकडा!"

तीन सेकंद दुर्वाला फार मोठे वाटले.

"नाही गं राणी. सातला नवं निरीक्षण सुरू होतं, त्याला जागा लागते. तुझ्यासाठी थांबले, तर दुसऱ्या कुणाचा तुकडा जागेवाचून बुडेल. ते कसं चालेल? त्यापेक्षा आपण शोधू. अंदाज करायचा नाही, मोजायचं. नळाला पाणी कमी येतंय म्हणून कुणी लगेच धरणावर धावत जातं का? आधी दोन टोकं तपास."

दुर्वानं डोळे पुसले आणि कामाला लागली.

पहिलं टोक म्हणजे राउटर (बाहेरून तारेनं घरात आलेली माहिती घरातल्या यंत्रांना वाटून देणारी पेटी). तो खिडकीशी होता. दुर्वानं आपला शाळेचा संगणक हातभर तारेनं थेट राउटरला जोडला आणि वेग मोजला. आकडा बघून ती चाट पडली. बाहेरून माहिती धो धो येत होती! ह्या वेगानं तर अख्खा तुकडा तीन तासांच्या आत उतरला असता.

दुसरं टोक म्हणजे माहितीपेटी. ती राउटरपासून दहा फुटांवर, पुस्तकांच्या फळीवर होती. पेटीला स्वतःची चाचणी घ्यायची सोय होती. पेटीनं आपल्या चकत्यांवर भराभर काहीतरी लिहिलं, वाचलं, पुसलं आणि निकाल सांगितला: उत्तम.

"आजी, घरात येतंय ते जोरात येतंय. पेटीसुद्धा जोरात लिहू शकते. मग?"

"मग दोन्ही टोकं निर्दोष. चोर मधल्या वाटेवर आहे." आजीच्या आवाजात मजा होती. तिला असली कोडी जेवणापेक्षा प्रिय. "माझ्या टेबलाच्या खणात एक चष्मा आहे. लहरचष्मा. लावून बघ. बसून लाव मात्र."

लहरचष्मा म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या रेडिओ लहरींना रंग देऊन दाखवणारा चष्मा. दुर्वानं तो लावला, आणि आजीनं बसून का लाव म्हटलं ते तिला कळलं.

दिवाणखाना रंगांनी भरून गेला होता. आजोबांच्या मोबाइलभोवती एक पिवळा ठिपका श्वास घेतल्यासारखा उजळत, विझत होता. भिंतीपलीकडच्या सहाणेकाकूंच्या घरातला राउटर भिंतीतून फिकट जांभळा दिसत होता. भिंत जणू कापडाची! आणखी पलीकडे, गल्लीभर, शेकडो मंद दिवे. छतातून कुठल्याशा उपग्रहाचा बारीक रुपेरी झोत उतरत होता आणि तिच्या गुडघ्यावर पडून जमिनीत शिरत होता. तिनं हात पुढे केला. रंग तिच्या तळव्यावरून वाहत गेले आणि तिला काहीच जाणवलं नाही. रोज ह्याच खोलीत ती धावली होती, जेवली होती, आजोबांशी भांडली होती. रोज ह्या सगळ्यातून आरपार!

"आजी..." एवढंच ती म्हणाली.

"हो गं," तीन सेकंदांनी आजी हळू आवाजात म्हणाली. "पहिल्यांदा लावला तेव्हा मीसुद्धा असंच कुणाचं तरी नाव घेतलं होतं." मग जरा थांबून, "आता राउटरकडे बघ. तुझं आकाश कुठे जातंय?"

दुर्वानं राउटरकडे पाहिलं. त्यातून केशरी झोत निघत होता. तो दहा फुटांवरच्या पेटीकडे जायला हवा होता. पण तो तिकडे गेलाच नाही! तो वळला, भिंतीतून आरपार स्वयंपाकघरात गेला. दुर्वा त्याच्या मागोमाग गेली. झोत ओट्यावरून पुढे जाऊन कोपऱ्यातल्या देवघरात शिरला. तिथे गणपती, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण यांच्या शेजारी आजोबांचा टॅब उभा होता. झोत टॅबमध्ये बुडाला. मग टॅबमधून निळा झोत निघाला आणि आल्या वाटेनं परत दिवाणखान्यात राउटरकडे गेला. आणि मग राउटरमधून हिरवा झोत निघून शेवटी पेटीत शिरला.

तिनं पुन्हा पाहिलं. केशरी चमकत असताना निळा आणि हिरवा विझलेले असायचे. निळा चमकला की बाकीचे दोघं गप्प. तिघं एकदम कधीच उजळत नव्हते.

दुर्वा धावत दिवाणखान्यात आली आणि पाहिलेलं सगळं आजीला सांगितलं.

"किती वेळा?" आजीनं विचारलं. "माहितीचा एक कण घरातल्या हवेतून किती वेळा जातो?"

"तीन वेळा. राउटरपासून टॅबपर्यंत, टॅबपासून परत राउटरपर्यंत, आणि मग राउटरपासून पेटीपर्यंत."

"आणि तिघं आळीपाळीनं का चमकतात? तुझ्या आजोबांच्या सवाल-जवाबात काय होतं, आठव."

दुर्वानं आजोबांचे कितीतरी कार्यक्रम ऐकले होते. सवाल-जवाबात एक तबलजी वाजवतो तेव्हा दुसरा हात मांडीवर ठेवून थांबतो. दोघं एकदम वेगवेगळं वाजवू लागले तर नुसता गलका होईल, कुणाचंच काही कळणार नाही.

"हवा एकच आहे!" दुर्वा ओरडली. "घरातली सगळी यंत्रं त्याच हवेतून बोलतात, म्हणून एक बोलताना बाकीच्यांना थांबावं लागतं. एकच गोष्ट तीन वेळा बोलायची म्हटली तर वेळ तिप्पट लागणार!"

"शाब्बास! आता तो टॅब तिथे कसा आला ते बघ."

ते बघायची गरजच नव्हती. दुर्वाला माहीत होतं, आणि म्हणूनच तिचा चेहरा उतरला.

आजोबांच्या घराची एक रीत होती. घरात काहीही नवं आलं, की ते आधी देवापुढे. पहिला आंबा देवापुढे, दुर्वाचं प्रगतिपुस्तक देवापुढे, नव्या तबल्याची जोडीसुद्धा देवापुढे. मग चंद्रावरून येणारं आकाश कसं सुटणार? आजोबांनी हौसेनं स्वतःच सगळी मांडणी केली होती. आकाश उतरवून घ्यायचं काम टॅबला दिलं होतं, टॅब देवघरात ठेवला होता, आणि साठवायची जागा म्हणून टॅबला माहितीपेटीचा पत्ता दिला होता. आलेला प्रत्येक कण देवापुढे जायचा आणि मग पेटीत यायचा.

"आजी," दुर्वा कुजबुजली, "आजोबांना कसं सांगू? त्यांना वाईट वाटेल."

"वाईट वाटेलही," आजी म्हणाली. "पण त्यांच्यापासून लपवून बदलू नकोस. त्यांना ते जास्त लागेल."

आजोबा नेमके नैवेद्य दाखवून झाल्यावर पानं घेत होते. दुर्वानं एका दमात सांगून टाकलं. आजोबांच्या हातातला डाव तसाच राहिला.

"म्हणजे मागच्या खेपेलासुद्धा माझ्यामुळे राहिलं?"

दुर्वानं मान खाली घातली.

"आणि आता देवाला न दाखवताच आत घ्यायचं?" त्यांचा आवाज चढला, आणि चढल्या चढल्या खाली आला. "दुर्वे, तुझी आजी तिकडे एकटी. तिथे हवा नाही, पाणी नाही, रात्र पडली की पंधरा दिवस उजाडत नाही. तिच्याकडून काही आलं की मला वाटतं, आज ती सुखरूप आहे. म्हणून आधी देवापुढे ठेवतो. दुसरं मी काय करू शकतो इथून?"

दुर्वाला रडू आलं. आजोबा इतके धास्तावलेले आहेत हे तिला माहीतच नव्हतं. ते तर दिवसभर विनोद करत असायचे. तिनं त्यांचा हात धरला. घड्याळ मात्र थांबलेलं नव्हतं.

तिची नजर देवघराकडे गेली. समोर नैवेद्याची छोटी वाटी होती. मूदभर भात, चमचाभर वरण, वर तुळशीचं पान.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "देवापुढे तुम्ही सगळं पातेलं का नाही नेत?"

"पातेलं? अगं, नैवेद्याला वाटीभर पुरतो. देव काय भुकेला..." आजोबा मधेच थांबले. त्यांनी वाटीकडे पाहिलं, टॅबकडे पाहिलं, ओट्यावरच्या पातेल्याकडे पाहिलं. मग ते इतके हसले, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं हसण्याचं किती आणि आधीचं किती, ते त्यांनाच ठाऊक. "म्हणजे मी दोन्ही खेपांना देवघरातून अख्खी पंगत फिरवतोय म्हणायचं!"

मग सोपं होतं. माहितीपेटी म्हणजे नुसता डबा नव्हे. तिच्यात एक छोटा संगणक असतो, आणि तीही स्वतः माहिती उतरवून घेऊ शकते. दुर्वानं टॅबचं काम थांबवलं आणि पेटीलाच चंद्राचा पत्ता दिला. आधी आलेला पाव भाग पेटीत होताच; आकाश छोट्या छोट्या तुकड्यांनी येत असल्यामुळे राहिलं तिथूनच पुढे सुरू झालं. आणि पेटीला तिनं आणखी एक काम सांगितलं: आकाशाचा जो भाग पूर्ण होईल त्याचं बोटभर चित्र काढायचं आणि तेवढंच देवघरातल्या टॅबकडे पाठवायचं. तुळशीपत्राएवढं, चिमुकलं.

तिनं चष्म्यातून पाहिलं. देवघराची फेरी बंद झाली होती. राउटरपासून पेटीपर्यंत एकच सरळ हिरवा झोत होता आणि तो क्षणभरही विझत नव्हता. वेग तिप्पट झाला!

दुर्वानं टाळी वाजवली, हिशोब केला, आणि टाळी मधेच राहिली. दोन वाजले होते. ह्या वेगानं आणखी सहा तास लागणार होते. हातात पाचच होते.

"हवेतून नेण्यापेक्षा तारेनं नेऊ," आजोबा म्हणाले. आता तेही पेटले होते. "तारेत दुसरं कुणी बोलत नाही ना? मग थांबायला नको!" ते शिडी लावून माळ्यावर चढले आणि धुळीनं माखलेलं एक भेंडोळं घेऊन उतरले. तार राउटरपासून पेटीपर्यंत बरोबर पुरली. दुर्वानं दोन्ही टोकं खटकन बसवली.

वेग निम्म्याहून खाली आला.

आजोबा आ वासून बघत राहिले. दुर्वाला तर ओरडावंसं वाटलं. हे म्हणजे आगीतून फुफाट्यात!

"पेटीच्या मागे तार जोडली आहे तिथे एक दिवा असेल. त्याचा रंग कोणता?" आजीनं विचारलं.

"नारिंगी."

"हिरवा हवा होता. त्या तारेच्या पोटात आठ बारीक तारा असतात. आठही धड असल्या, तर मोठा वेग मिळतो. एखादी तुटली असली, तर राउटर आणि पेटी आपसांत ठरवतात, की चारच तारांवर भागवू आणि सावकाश जाऊ. बंद पडण्यापेक्षा सावकाश बरं. म्हणून ती तक्रारही करत नाहीत, गुपचूप हळू चालतात. दुर्वा, नीट लक्षात घे. सबंध प्रवासाचा वेग सगळ्यात अरुंद जागा ठरवते. तू एक अरुंद जागा रुंद केलीस. आता दुसरी समोर आली. तिच्यावर चिडायचं नाही, तिलाही रुंद करायचं."

"पण आजी, घरात दुसरी लांब तार नाही. बाजार आज बंद आहे."

आजोबांनी फळीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "तार लांब नाही, तर पेटीच जवळ नेऊ की! दहाच फूट तर आहेत."

दुर्वानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की आजोबांची छाती फुगली.

राउटरशेजारी जागा नव्हती. तिथे आजोबांची तबल्याची जोडी होती, आणि त्या जागेवरून ती गेल्या वीस वर्षांत हललेली नव्हती. आजोबांनी ती स्वतः उचलून पलंगावर नेऊन ठेवली. दुर्वानं पेटी रीतसर बंद केली, कारण चकत्या गरगर फिरत असताना धक्का बसला तर त्यांच्यावर ओरखडे पडतात. चकत्यांची घरघर थांबेपर्यंत दोघं वाट बघत बसले. मग आजोबांनी पेटी तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांवर घेतली आणि पावलापावलानं दहा फूट चालले. दुर्वानं आपल्या शाळेच्या संगणकाची हातभर तार काढून पेटीला लावली.

दिवा हिरवा लागला.

आणि मग पडद्यावरची चौकट अशी भरू लागली, की डोळ्यांना दिसावी! बाहेरून जेवढं येत होतं तेवढं सगळंच्या सगळं पेटीत उतरत होतं; मधे आता काही अडत नव्हतं. दुर्वानं चष्मा लावला. राउटर आणि पेटी यांच्यामध्ये काहीच दिसत नव्हतं, कारण आकाश आता तारेच्या पोटातून चाललं होतं. हवा मोकळी झाली होती. फक्त अधूनमधून एक बारीकसा केशरी ठिपका भिंतीतून देवघराकडे जायचा, आणि आतून आजोबांचा आवाज यायचा, "आला! आला बघ घास!"

पाच वाजायच्या आत चौकट पूर्ण झाली. जगाच्या नकाशातला काळा चौकोन उजळला. दुर्वा पडद्याला इतकी चिकटून उभी होती, की तिच्या श्वासानं काच धुरकट झाली. तिच्या तुकड्यात मंद पुंजके होते, धुक्यासारख्या रेषा होत्या. माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी, पृथ्वीसुद्धा नव्हती तेव्हा निघालेल्या लहरींचं ते चित्र होतं. इतका प्रवास करून ते आता तिच्याकडे मुक्कामाला आलं होतं, तबल्याच्या जागेवर.

साडेपाचला आजीची हाक आली, आणि ह्या वेळी ती घाईत होती.

"दुर्वा, फिजी बेटांवर मेरे नावाची मुलगी आहे. तुझ्या शेजारच्या तुकड्याची आकाशपाल. तिच्याकडे वादळानं वीज गेली. तिचा निम्मा तुकडा पोचलाय, निम्मा इथेच आहे. सातला पुसला जाईल. मी सगळ्या घरांना विचारतेय. तुमच्याकडे होईल?"

दुर्वानं आकडेमोड केली. वेग होता. वेळही होता, जेमतेम. पण पेटीत जागा कमी पडत होती.

"काय काय आहे त्या पेटीत?" आजोबांनी विचारलं.

दुर्वानं पाहिलं आणि खुदकन हसली. "आजोबा, तुमची सुप्रभातची चित्रं. गुलाब, उगवता सूर्य, चहाचा कप. चाळीस वर्षांची. आणि प्रत्येकाचा व्हिडिओसुद्धा."

"पूस," आजोबा करारीपणे म्हणाले. मग जरा थांबून, "तो मोरवाला एक ठेव."

बाहेरून घरात येणारी वाटच आता सगळ्यात अरुंद जागा होती, त्यामुळे तिच्यावर दुसऱ्या कुणाला येऊ देऊन चालणार नव्हतं. सहा वाजता आजोबांच्या एका शिष्येचा दूरवरून तास असायचा. आजोबांनी तिला फोन केला, "आज तुझा तू रियाझ कर. इकडे आकाश येतंय," आणि ती बिचारी काही विचारायच्या आत फोन ठेवला. टीव्ही बंद केला. दोघं पेटीशेजारी जमिनीवर बसले. आत चकत्यांची एकसारखी घरघर चालली होती.

सातला दहा मिनिटं कमी असताना मेरेच्या तुकड्याचा उरलेला, खालचा निम्मा भागही पूर्ण झाला.

आजोबा देवापुढे दिवा लावायला उठले. दुर्वानं सहज आपला तुकडा आणि मेरेचा निम्मा तुकडा शेजारी शेजारी मांडून पाहिले, आणि ती तशीच राहिली. तिच्या तुकड्यातली एक धूसर रेघ, जिला ती डाग समजली होती, ती कडेशी संपत नव्हती. ती मेरेच्या तुकड्यात शिरत होती, रुंद होत होती, तिला फाटे फुटत होते. अब्जावधी ताऱ्यांच्या नगऱ्या एका धाग्यात ओवल्यासारखी ती लांबच लांब कमान होती, आणि मेरेच्या तुकड्याच्या पलीकडच्या कडेनं ती आणखी पुढे निघून जात होती.

"आजोबा, लवकर या!"

आजोबा निरांजन हातात घेऊनच आले. त्यांच्या हातातल्या ज्योतीचा उजेड पडद्यावर हलत होता. दुर्वानं जोडलेलं चित्र आजीकडे पाठवलं.

तीन सेकंद गेले. सहा गेले. दुर्वाला वाटलं, संपर्क तुटला.

"आम्ही हे पाहिलंच नव्हतं," आजीचा आवाज आला. "इथे आम्ही एकेक तुकडा टिपतो आणि पाठवून देतो. जोडून बघायला आमच्याकडे जागाच नाही. दुर्वा, एवढी मोठी कमान... अगं, ही कुणालाच माहीत नसेल."

"मेरेची वीज आली की तिला आधी सांगायचं," दुर्वा म्हणाली. "अर्धी कमान तिची आहे. आणि आजी, ही पुढे जातेय. तिच्या पुढचा तुकडा कुणाकडे आहे?"

"बघते," आजी म्हणाली. कळा दाबल्याचा आवाज आला. "केनियातल्या एका शाळेकडे. तिथे आत्ता दुपार असेल, मुलं अजून शाळेतच असतील. विचारू का त्यांना?"

दुर्वानं तोंड उघडायच्या आत, निरांजन सांभाळत, आजोबाच पुढे झाले.

"विचार की," ते म्हणाले. "आणि तृप्ती, तू जेवलीस का?"